साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या: मुलाबाळांसह जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर साताऱ्यात. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना चाळकेवाडीच्या पठारावर फिरवून आणायचं काम ठरल्यासारखं माझ्याकडे येतं. घाट चढून गाडी शेवटचं वळण घेते, समोर एकदम पहिली पवनचक्की उभी राहते, आणि मागच्या सीटवरून एक आवाज येतो. तो आवाज मी गेली बारा-तेरा वर्षं ऐकते आहे आणि तो फक्त मुलांचा नसतो. गेल्या सप्टेंबरात माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशीने काच खाली केली, "अगं बाई, केवढं हे!" म्हणाली आणि पुढची दहा मिनिटं नुसती बघत राहिली. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. ते दर वेळी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरांसकट इथे लिहून ठेवते आहे.

नेमकं कुठे जायचं?

सातारा शहरातून बोगद्यातून बाहेर पडायचं आणि सज्जनगडाच्या रस्त्याला लागायचं. गडाचा फाटा मागे टाकून घाट चढत राहिलं की ठोसेघर येतं आणि धबधब्याच्याही पुढे चार-सहा किलोमीटरवर चाळकेवाडी. शहरापासून तासाभराचा रस्ता. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, आणि रस्ता पवनचक्क्यांच्या मधूनच जातो. लांबून पाहणं आणि मधून जाणं यात फार फरक आहे, म्हणून मी पाहुण्यांना इथेच आणते.

याच डोंगररांगेत पुढे पाटण तालुक्यात वनकुसवडेचं पठार आहे. तिथून खाली कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो. सडावाघापूरलाही पवनचक्क्या आहेत, आणि पावसाळ्यात तिथला उलटा धबधबा पाहायला गर्दी होते. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर उडवतो. पवनचक्क्या इथेच का उभ्या केल्या, हे मुलांना समजवायला त्या धबधब्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

साताऱ्याला यायचं नसेल तरी वाटेत दिसतील अशा जागा बऱ्याच आहेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर सुप्याजवळच्या डोंगरावर, सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या ढालगावच्या बाजूला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला. कोकणात गेलात तर देवगडला समुद्राच्या अगदी काठावर.

कधी जावं?

या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. लोक नाताळच्या सुट्टीत येतात. हवा छान असते, आकाश निळंभोर असतं आणि पवनचक्क्या मात्र थांबलेल्या. मुलं विचारतात, बिघडल्यात का? बिघडलेल्या नसतात. आपल्याकडचा वाऱ्याचा हंगाम पावसाळ्याबरोबर येतो. मे महिन्याच्या मध्यापासून वारा धरतो, जून-जुलै-ऑगस्टमध्ये अखंड वाहतो आणि सप्टेंबरनंतर ओसरतो. हिवाळ्यात त्याला जोर नसतो.

मग ऐन जुलैत जावं का? वारा भरपूर मिळेल, पण धुकं इतकं असतं की वीस फुटांवरचा मनोरासुद्धा दिसत नाही. एकदा जुलैत आम्ही भाच्याला घेऊन गेलो होतो. पठारावर गाडी थांबवली, उतरलो, तर पांढऱ्याशिवाय काही नाही. फक्त डोक्यावर कुठेतरी सूं… सूं… सूं असा आवाज. धुकं क्षणभर फाटलं, एक भलं मोठं पातं वरून खाली आलं आणि परत धुक्यात गेलं. भाचा माझा हात सोडेना. आता तो कॉलेजात आहे, पण पवनचक्कीचा विषय निघाला की तेच पातं आठवतो.

तरी नेमका महिना विचाराल तर माझं उत्तर सप्टेंबर. पाऊस कमी झालेला असतो, वाऱ्यात अजून दम असतो, ठोसेघरचा धबधबा भरलेला असतो आणि पठारावर फुलं आलेली असतात. फुलं म्हटलं की सगळे कासलाच जातात. चाळकेवाडीचं पठारही तसल्याच जांभ्या दगडाचं आहे, आणि इथेही पातळशा मातीवर फुलांचे ताटवे येतात. फक्त पाय बघून टाका.

दुसरी चांगली वेळ म्हणजे एप्रिलचा शेवट ते मे. त्या दिवसांत इथे आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट असते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे मोठे पंखे फिरतात म्हणून इथे एवढा वारा असतो का?

चार ते सहा वर्षांचं प्रत्येक मूल हे विचारतं आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. घरातला पंखा लावला की वारा येतो, मग इथे उलटं का असेल? गावातली माणसंही यांना पंखेच म्हणतात.

मी सोबत जत्रेतलं कागदी भिरभिरं नेते. गाडीत बसून ते हातात धरलं तर फिरत नाही. काच खाली करून बाहेर धरलं की लगेच भिरभिरायला लागतं. वारा आधी, फिरणं नंतर, हे मुलांना दोन मिनिटांत पटतं. पठारावर उतरल्यावर त्यांना फक्त वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायला सांगायचं. मोठी पवनचक्की त्याच दिशेला तोंड करून उभी आहे, हे त्यांचं त्यांनाच कळतं.

वारा इथेच जास्त का, याचं कारण डोंगराच्या आकारात आहे. अरबी समुद्रावरून नैऋत्येचे वारे येतात आणि त्यांच्या वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी उभी राहते. वाऱ्याला वर चढून माथ्यावरूनच जावं लागतं. माथ्यावर तो दाटीने जातो, म्हणून त्याचा वेग वाढतो. वर अडवायला झाडं नाहीत, घरं नाहीत. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की पाण्याची धार लांब जाते, तसंच काहीसं.

एवढं अवजड यंत्र इतकं सावकाश का फिरतं?

सावकाश फिरतं असं वाटतं तेवढंच. इथे थोडा हिशेब करते, कारण मोठ्या मुलांना तो फार आवडतो.

८८ मीटर व्यासाची, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येची पवनचक्की घ्या. तिच्या पात्याचं टोक एका फेरीत सुमारे २७६ मीटरचं अंतर कापतं. मिनिटाला १५ फेऱ्या म्हणजे एका फेरीला चार सेकंद. चार सेकंदांत २७६ मीटर, म्हणजे सेकंदाला ६९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. हायवेवर आपली गाडी ऐंशीने चालली असेल, तर पात्याचं टोक तिच्या तिप्पट वेगाने जातं. आकार इतका मोठा की डोळ्याला वेग कळत नाही. आकाशात उंचावर जाणारं विमान रेंगाळल्यासारखं दिसतं, त्यातलाच प्रकार.

इथल्या जुन्या यंत्रांची पाती आखूड आहेत, म्हणून ती नव्यांपेक्षा जास्त फेऱ्या घेतात. पठारावर उभं राहून दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघता आले, तर मुलांना घड्याळ लावून फेऱ्या मोजू द्या.

तीनच पाती का? दहा लावली तर जास्त वीज मिळणार नाही का?

नाही. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यांमागे जागच्या जागी थांबेल, आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली. वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के ऊर्जा घेता येते, त्यापुढे कितीही पाती लावा.

नीट घडवलेली तीन पाती या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जातात. आणखी पाती म्हणजे नुसतं वजन आणि खर्च. दोन पाती स्वस्त पडतात, पण वाऱ्याच्या दिशेप्रमाणे डोकं वळवताना ते यंत्र हिसके खातं. तीन पात्यांचा तोल चांगला राहतो. शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या पाणी उपसायच्या पवनचक्कीला मात्र पुष्कळ पत्रे असतात, कारण तिला वेग नको असतो. थोड्या वाऱ्यातही दट्ट्या उचलण्याइतका जोर हवा असतो.

आणि वारा पात्याला ढकलतो म्हणून ते फिरतं, असं समजू नका. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. विमानाला जो जोर वर उचलतो, तोच इथे पात्याला गोल ओढतो.

बाकीच्या फिरताहेत, ही एकच का बंद?

कारणं बरीच असू शकतात. देखभालीचं काम चालू असेल, काही बिघाड असेल, किंवा ती जरा खोलगट जागी असल्यामुळे तिला पुरेसा वारा मिळत नसेल. साधारण सेकंदाला तीन-चार मीटर, म्हणजे ताशी बारा-चौदा किलोमीटर वारा असल्याशिवाय वीज तयार व्हायला सुरुवातच होत नाही. ताशी ४५-५० किलोमीटरच्या आसपास यंत्र पूर्ण क्षमतेने चालतं. वादळासारखा, ताशी ९० किलोमीटरच्या घरातला वारा सुटला की ते स्वतःहून थांबतं. बहुतेक यंत्रांत त्या वेळी पाती आपल्या आसाभोवती वळून वाऱ्याला धार दाखवतात, म्हणजे वारा त्यांच्यावर न आपटता बाजूने निघून जातो.

मनोऱ्याच्या डोक्यावर जो लांबट डबा दिसतो, त्याच्या मागच्या बाजूला वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी छोटी उपकरणं असतात. वाऱ्याने दिशा बदलली की त्यांच्या सांगण्यावरून मोटारी आख्खा डबा वळवतात. हे वळणं फार संथ असतं. पाच मिनिटं एकाच पवनचक्कीकडे बघत बसलात तर पकडता येतं, आणि ज्याने पकडलं ते मूल दिवसभर खुशीत असतं.

एका पवनचक्कीतून किती वीज निघते?

यंत्रावर अवलंबून. या डोंगरांवर ३५० किलोवॅटची जुनी यंत्रं आहेत. तसलं यंत्र पूर्ण क्षमतेने तासभर चाललं तर ३५० युनिट वीज. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणारं घर धरलं, तर तेवढ्या तासाभरात जवळपास तीन घरांची महिन्याची सोय झाली. मघाशी हिशेबाला घेतलेलं ८८ मीटरचं यंत्र २.१ मेगावॅटचं असतं. ते भरात असताना पात्यांची एक फेरी म्हणजे सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त वीज. मुलांना सांगा की एक फेरी झाली, आपल्या टीव्हीची दिवसभराची सोय झाली.

पण वारा काही सतत भरात नसतो. म्हणून वर्षभराचा हिशेब केला तर आपल्याकडची जुनी यंत्रं पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी वीज देतात. यातली किल्ली अशी की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट नाही, आठपट होते. त्यामुळे पावसाळ्यातले तीन-चार महिने वर्षाची बरीचशी कमाई करून देतात.

हे वाचून पटत नाही, तिथे उभं राहिल्यावर पटतं. ३५० किलोवॅटच्या यंत्राची पाती जे वर्तुळ रेखतात, त्यातून पूर्ण वाऱ्याच्या वेळी सेकंदाला दहा-अकरा टन हवा आरपार जाते. हवेला वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. चाळकेवाडीला वारा अंगावर घेताना ते वजन छातीवर जाणवतं.

महाराष्ट्रात मिळून सुमारे ५,००० मेगावॅट क्षमतेच्या पवनचक्क्या आहेत. देशाने २०२५ मध्ये ५०,००० मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

मग इथल्या गावांना वीज फुकट मिळते का?

नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी ट्रान्सफॉर्मर दिसतो, तिथून वीज ३३ केव्हीच्या (३३ हजार व्होल्टच्या) तारांनी उपकेंद्रात जाते आणि पुढे राज्याच्या जाळ्यात मिसळते. पठारावरचं घर आणि तुमचं पुण्यातलं घर दोन्ही त्याच जाळ्यातून वीज घेतात आणि दोघांनाही बिल येतं.

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मनोरे ज्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, उभे आहेत तिथे आधी गुरं चरायची, नाचणी-वरी व्हायची. पवनचक्क्यांबरोबर रस्ते वर आले, काहींना राखणीची आणि देखभालीची कामं मिळाली. पण जमिनीच्या भावाबद्दलची नाराजीही गावागावांत ऐकू येते आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. चहाच्या टपरीवर बसलात तर फोटो काढून झाल्यावर थोडा वेळ तिथल्या माणसांशी बोला. वाऱ्याबद्दल त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्याच माहितीफलकावर लिहिलेलं नसतं.

अगदी मनोऱ्याखाली जाऊन उभं राहता येतं का?

काही मनोरे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत, काहींभोवती कुंपण आहे. राखणदार असेल तर त्याला विचारा, नाही म्हणाला तर मागे फिरा. कुंपणाच्या आत, ट्रान्सफॉर्मरजवळ आणि जाळीच्या मनोऱ्यांच्या शिडीवर मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. जाळीचे मनोरे खेळाच्या मैदानातल्या शिड्यांसारखे दिसतात, त्यामुळे मुलांचा हात आपोआप तिकडे जातो. जोराचा वारा असताना किंवा विजा चमकत असताना पात्यांच्या बरोबर खाली थांबू नका.

थोडं बाजूला, रस्त्याच्या कडेला उभं राहून मान वर करा. ढग वेगाने सरकत असतील तर मनोराच आपल्यावर कलतोय असं वाटतं आणि पोटात गोळा येतो. मावशीने एका हाताने माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर, आणि तरी ती वर बघायचं थांबत नव्हती.

उन्हाच्या दिवशी खालीही बघा. पात्यांच्या सावल्या गवतावरून, रस्त्यावरून, गाडीच्या बॉनेटवरून एकामागून एक सरकत जातात. आणि मनोऱ्याची स्वतःची सावली असते, लांब आणि बारीक. मे महिन्यात त्या सावलीत मी म्हशी बसलेल्या पाहिल्या आहेत. सावलीची पट्टी जेमतेम त्यांच्या अंगाइतकी रुंद, म्हणून सगळ्या एका ओळीत, एकीमागे एक. सूर्य कलला, सावली सरकली, की एक म्हैस उठते, चार पावलं टाकून परत सावलीत बसते, आणि मग मागची उठते. दिवसभर ती ओळ घड्याळाच्या काट्यासारखी मनोऱ्याभोवती फिरते.

आवाज खूप असतो का?

पात्याचं टोक हवा कापतं त्याचा सुंकारा असतो, प्रत्येक पातं खाली येताना एकदा. जुन्या यंत्रांचा गिअरचा घुरघुराटही जवळ गेल्यावर ऐकू येतो. वाऱ्याच्या दिवशी मात्र कानात वाराच इतका असतो की बाकी काही फारसं कळत नाही. तान्ही बाळं सोबत असतील तर त्यांना कानटोपी घाला.

पक्ष्यांना याचा त्रास होत नाही का?

होतो, आणि याबद्दल खुद्द चाळकेवाडीच्या पठाराने जगाला काही शिकवलं आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर, पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. ते संशोधन २०१८ मध्ये नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या नियतकालिकात आलं. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. म्हणजे ससाणे, गरुड, घारी या जातीची पाखरं फिरत्या पात्यांच्या भागाला टाळत होती. त्यामुळे खाली काय झालं? सरड्यांची संख्या वाढली. शिकारी नाही, मग भीतीही कमी. पवनचक्क्यांखालचे सरडे माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी असतात. पण गर्दी वाढल्यामुळे खाण्याची चढाओढही वाढली, त्यामुळे त्यांचं अंग हडकलेलं आणि नरांचे रंग फिकट. वर आकाशात फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्याच्या रंगापर्यंत पोहोचला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच उठून पठारावर गेले होते, आणि ज्या सरड्यांकडे इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं ते शोधत बसले होते.

मे महिन्यात पाहण्यासारखी गोष्ट असं वर म्हटलं, ती म्हणजे हाच सरडा. याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. होय, शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या गटाला नाव देताना आपला मराठी ‘सरडा’ शब्दच घेतला. विणीच्या दिवसांत, पाऊस पडायच्या आधी, नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची पिशवी जपानी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, केशरी. क्षणभर उघडली की मिटली. मुलांना दगडापासून दहा पावलांवर शांत बसवा, पाठीमागे पवनचक्की फिरत असेल आणि समोर हा एवढासा जीव आपला पंखा उघडत असेल. त्याला पकडायचं नाही, दगड हलवायचा नाही.

पवनचक्क्या नकोत असा याचा अर्थ मी काढत नाही. कोळशाचा धूर आणि राख कोणाच्या वाट्याला येते हेही आपल्याला माहीत आहे. पण नवी पवनचक्की कुठल्या सड्यावर उभी करायची आणि कुठला सडा पाखरांसाठी सोडायचा, हे आधी बघून ठरवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वर दुरुस्तीला माणूस कसा जातो?

शिडीने. नळकांड्यासारख्या मनोऱ्यात शिडी आतून असते, जाळीच्या मनोऱ्याला उघड्यावर. अंगाला पट्टे बांधून, हत्यारं घेऊन ही मंडळी वीस-पंचवीस मजल्यांइतकं चढतात. वर कोणी काम करताना दिसलं तर मुलांना जरूर दाखवा. मनोरा किती उंच आहे हे आकड्याने कळत नाही, त्या ठिपक्याएवढ्या माणसामुळे कळतं.

पवनचक्कीवर वीज पडली तर?

उघड्या माथ्यावरची सगळ्यात उंच वस्तू तीच, त्यामुळे पडतेच. म्हणून पात्यात वीज झेलणारे धातूचे तुकडे बसवलेले असतात आणि तिथून वाहक तार पाती, डबा, मनोरा यांतून जमिनीत जाते. घरावरच्या वीजरोधकासारखीच सोय. तुमच्यासाठी मात्र नियम एकच, गडगडाट ऐकू आला की गाडीत बसा आणि काचा लावा.

हायवेवर एका ट्रेलरवर लांबच लांब पांढरं काहीतरी असतं, ते काय?

तेच पातं. आडवं असताना ते ओळखूच येत नाही. पुढे-मागे दिवे लावलेल्या गाड्या आणि मधे हा ट्रेलर. एकेक पातं वेगळं नेतात आणि नव्या यंत्रांचं एकच पातं साठ मीटरच्याही पुढे जातं, म्हणजे एसटीच्या पाच-सहा बस एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढं. आत बरेचदा बाल्सा नावाचं हलकं लाकूड, बाहेरून काचतंतू आणि राळ. घाटात असा ट्रेलर आडवा आला तर चिडू नका, गाडी बाजूला घ्या आणि मुलांना खिडकीशी बसवा. घाटाच्या एका वळणावर ते वळवायला माणसं किती वेळ घेतात, कोण कुठे उभं राहून इशारा करतं, कोण टायरखाली दगड लावतं, हे बघण्यात आमचा एकदा पाऊण तास गेला होता आणि कोणालाही कंटाळा आला नाही.

‘चक्की’ म्हणतात, मग ही दळते काय?

आता काही दळत नाही, पण नाव दळण्यावरूनच आलं. इराणच्या पूर्व भागात हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वी वाऱ्यावर धान्य दळायच्या उभ्या आसाच्या चक्क्या होत्या. नाश्तिफान गावात त्यांतल्या काही आजही उभ्या आहेत. हॉलंडच्या चित्रातल्या चार पंखांच्या चक्क्या दळायच्याही आणि पाणीही उपसायच्या.

वाऱ्यावर वीज करण्याची सुरुवात १८८७ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी आणि पाठोपाठ अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी केली. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह गावच्या शाळेत शिकवणाऱ्या पॉल ला कूर यांनी १८९१ पासून त्यावर प्रयोग केले, आणि पुढे तोच देश या धंद्यात पुढे गेला.

आपल्याकडे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८० च्या दशकात किनाऱ्यावर आले, त्यांत आपलं देवगडही होतं. पुढचा मोठा बदल घडवला तुलसी तांती यांनी. सुरतेला त्यांचा कापडाचा धंदा होता, विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या. त्यातून १९९५ मध्ये सुझलॉन कंपनी उभी राहिली आणि तिचं मुख्यालय पुण्यात आलं. आमच्या डोंगरांवरच्या पुष्कळ पवनचक्क्या त्याच कंपनीच्या.

या किती वर्षं टिकतात?

वीस-पंचवीस. इथल्या बऱ्याच यंत्रांची उमर झाली आहे. लहान जुनी यंत्रं काढून तिथे थोडी पण मोठी बसवावीत, यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणलं. चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्यांनीच अडवलेल्या आहेत, त्यामुळे ते होणारच. जाळीच्या मनोऱ्यांवरची ती छोटी यंत्रं तुमच्या मुलांना पाहायची असतील, तर फार थांबू नका.

सोबत काय घ्यावं?

जाकीट, मे महिन्यातसुद्धा. टोपी नको, उडून जाते, रुमाल बांधा. भिरभिरं, पाणी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. वर चहा, भजी, कणसं मिळतात, पण आडवारी सगळं बंद असू शकतं, म्हणून मुलांसाठी डबा घरूनच न्या. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या. परतताना कंदी पेढे घ्यायला विसरू नका.

अंधार पडल्यावर ते लाल दिवे कशाचे लागतात?

विमानांना उंच मनोरे दिसावेत म्हणून. मुलांची आणखी एक आवड मोजण्याची असते. दिवसा वळणावळणाला त्याच पवनचक्क्या परत समोर येतात, त्यामुळे भावंडांचे आकडे कधी जुळत नाहीत आणि भांडण होतं. संध्याकाळी उतरताना घाटात एका सुरक्षित जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि मागे वळून बघा. पाती दिसेनाशी झालेली असतात, डोंगराच्या कडेवर फक्त लाल ठिपके उघडझाप करतात. ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे तेव्हा मोजले तर आकडा जुळतो.